सिग्नल्स अँड सिस्टिम्सला एकच टेक्स्टबुक नेमायचं असेल तर कोणतं?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ईटीसीला (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) शिकवते. कॉलेजला नुकतीच ऑटोनॉमी मिळाली, त्यामुळे पुढच्या वर्षीपासून अभ्यासक्रम आमचा आम्ही ठरवायचा आहे. सिग्नल्स अँड सिस्टिम्सचा मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. युनिटं पाडून झाली, तास वाटून झाले. अडलंय ते तळाच्या चार ओळींवर : टेक्स्टबुक एक, रेफरन्स तीन.

आजवर या ओळी कुणी मनावर घेतल्याच नाहीत. विद्यापीठाच्या जुन्या यादीतून ओपनहाइम, लाठी, हेकिन ही नावं उतरवून काढायची, की झालं. मुलं विकत घेतात ते लोकल ऑथरचं. लायब्ररीतल्या ओपनहाइमच्या प्रती अजून कोऱ्या करकरीत आहेत, यावरून काय ते समजा.

लोकल ऑथरवर माझा सरसकट राग नाही. पण या सुट्टीत अशी तीन पुस्तकं पेन्सिल हातात घेऊन वाचली. एकात एक्स(२टी−३) काढताना आधी सिग्नल निम्मा दाबलाय आणि मग उजवीकडे ३ ने सरकवलाय. मूळ सिग्नल ० ते ४ असेल तर उत्तर १.५ ते ३.५ यायला हवं, यांचं येतं ३ ते ५. दुसऱ्यात ‘वाय = २एक्स + ३ ही सरळ रेषा आहे, म्हणून सिस्टिम लिनिअर’ असं चक्क चौकटीत छापलंय. तिसऱ्यात झेड ट्रान्सफॉर्मची चाळीसेक गणितं सोडवलीत आणि रीजन ऑफ कन्व्हर्जन्स (झेडच्या ज्या किमतींना बेरीज आटोक्यात राहते तो भाग) फक्त व्याख्येत आहे, उत्तरात कुठेच नाही. अशी पुस्तकं वाचून आलेल्या मुलांच्या पेपरात मग तीच उत्तरं येतात आणि मार्क कापले की ‘मॅडम, बुकात असंच आहे’.

मुलांची बाजूही सांगते. वर्गातली बरीच मुलं डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली असतात. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) याच सेमिस्टरला समांतर चालतं, म्हणजे मी फूरिये सिरीजला हात घालते तेव्हा गणिताचे सर अजून डिफरन्शियल इक्वेशनमध्ये असतात. कॉम्प्लेक्स नंबर पोलरमधून रेक्टँग्युलरमध्ये न्यायचा तर हात कॅल्क्युलेटरकडे जातो.

तेव्हा प्रश्न असा आहे : शिक्षकाला आवडणारं पुस्तक नकोय. या मुलांपैकी एखादीनं होस्टेलवर एकटीनं बसून वाचलं तर निदान निम्मं समजेल, असं कोणतं?

सायलेंट_कॅरिअर

ओपनहाइम-विल्स्की. चर्चा संपली. :)

बरं, कारणं देतो. गेली बरीच वर्षं ऑडिओ डीएसपीत (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) आहे आणि नवीन पोरांच्या मुलाखती घेतो. एक प्रश्न हमखास विचारतो : आपण सगळीकडे साइन आणि एक्स्पोनेन्शियलच का घेऊन बसतो? स्क्वेअर वेव्ह का नाही, त्रिकोण का नाही? नव्वद टक्के पोरं म्हणतात, ‘कारण फूरियेनं सांगितलंय.’ उत्तर एका ओळीचं आहे. एलटीआय (लिनिअर आणि वेळेनुसार न बदलणाऱ्या) सिस्टिममध्ये ई-टु-द-एसटी घातलं की बाहेर तेच ई-टु-द-एसटी येतं, फक्त एका कॉम्प्लेक्स आकड्यानं गुणलेलं. बाकी कुठलाही आकार आत घाला, बाहेर येताना तो साधारणपणे बदलतो. अख्खा विषय या एका गोष्टीवर उभा आहे. ओपनहाइम फूरिये सिरीजच्या प्रकरणात शिरल्या शिरल्या हे सांगतो, इंटिग्रल वगैरे नंतर.

दुसरं, कंटिन्युअस आणि डिस्क्रीट हातात हात घालून चालतात. आज नोकरीत शुद्ध अॅनालॉग करणारे कमीच, तेव्हा ‘डिस्क्रीट म्हणजे शेवटच्या दोन युनिटांत उरकायचा प्रकार’ ही सवय मोडलीच पाहिजे.

तिसरं, गणितं. दुसऱ्या आवृत्तीत (१९९७, नवाबसह) प्रत्येक प्रकरणाखाली आधी उत्तरं दिलेली सोपी गणितं, मग उत्तरं न दिलेली सोपी, मग अवघड, मग विषय पुढे नेणारी. शिक्षकाला ट्युटोरिअल काढायला याहून सोय कुठे नाही.

आणि सोबत ओपनहाइमचे स्वतःचे १९८७ चे व्हिडिओ एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर फुकट आहेत. सॅम्पलिंगच्या तासाला तो कॅमेरा घेऊन हॅरल्ड एजर्टनच्या स्ट्रोब लॅबमध्ये जातो आणि फिरती चकती उलटी फिरताना दाखवतो. शेवटच्या तासाला उलटा लोलक फीडबॅकनं उभा ठेवतो. हे बघितलेलं पोरगं एलिअसिंग (कमी नमुने घेतल्यानं सिग्नल भलताच दिसणं) विसरत नाही.

तर्री_पोहे

सायलेंटभाऊ, तुमचं सगळं खरं आहे, पण ताईंनी विचारलं काय आणि तुम्ही सांगता काय! होस्टेलवर एकट्यानं वाचायचंय. ओपनहाइम एकट्यानं वाचलेला माणूस मी आमच्या नागपुरात तरी पाहिला नाही.

जुनावाडा

धागा वाचून राहवलं नाही. मी सीओईपीचा (पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज), १९८० च्या दशकातला. आता निवृत्त.

मॅडम, तुम्ही मराठवाड्यातल्या आहात म्हणून आधी हे सांगतो. भगवानदास पन्नालाल लाठी हे तुमच्याच नांदेड जिल्ह्यातल्या भोकरचे. १९५५ साली पुणे विद्यापीठाची इंजिनिअरिंगची पदवी, १९५७ ला इलिनॉयला मास्टर्स, १९६१ ला स्टॅनफर्डला डॉक्टरेट. पुढे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, सॅक्रामेंटोला प्राध्यापक. १९६५ सालीच त्यांचं सिग्नल्स, सिस्टिम्स आणि कम्युनिकेशनवरचं पुस्तक आलं होतं, म्हणजे ओपनहाइम-विल्स्कीच्या पहिल्या आवृत्तीच्या (१९८३) अठरा वर्षं आधी. तुमच्या वर्गातल्या किती मुलांना माहीत आहे की यादीतलं एक नाव बसनं जाता येईल अशा गावचं आहे?

पण गाववाले आहेत म्हणून त्यांचं पुस्तक लावा असं म्हणत नाही. ‘लिनिअर सिस्टिम्स अँड सिग्नल्स’ उघडून बघा. पहिल्या प्रकरणाच्याही आधी एक प्रकरण आहे, त्याला आकडा नाही, नुसतं ‘बी’, म्हणजे बॅकग्राउंड. कॉम्प्लेक्स नंबर, साइन वेव्हची बेरीज, पार्शल फ्रॅक्शन, क्रेमरचा नियम. तुमची मुलं जिथे अडखळतात नेमकं तेच. पोलर-रेक्टँग्युलर करताना कॅल्क्युलेटर कोणत्या क्वाड्रंटमध्ये फसवतो तेही त्यात सांगितलंय. असं प्रकरण लिहिण्यात प्रतिष्ठा नसते, मोठे लेखक ते ‘विद्यार्थ्याला येतं असं गृहीत धरून’ टाळतात.

दुसरी गोष्ट म्हणजे झीरो-इनपुट आणि झीरो-स्टेट. सिस्टिमचं उत्तर दोन तुकड्यांत पडतं : आधीपासून कपॅसिटरमध्ये साठलेल्या चार्जमुळे येणारं आणि आत्ता दिलेल्या इनपुटमुळे येणारं. लाठी हे दुसऱ्या प्रकरणापासून पक्कं करतात आणि पुस्तकभर सोडत नाहीत. नेटवर्क्सच्या तासाला स्विच बंद-चालू करणारी मुलं हे लगेच ओळखतात.

आणि माणसं येतात हो पुस्तकात. लाप्लास, फूरिये, हेविसाइड यांच्यावर टिपा आहेत. गिब्ज फिनॉमिननजवळ मायकेलसनच्या ८० हार्मोनिक मिळवणाऱ्या यंत्राची हकिगत आहे, १८९८ ची. स्क्वेअर वेव्हच्या कडेला उरणारा तो नऊ टक्क्यांचा उसळा मुलांना गणितानं कळत नाही, त्या गोष्टीनं कळतो.

अवांतर : सीओईपीतूनच १९५६ ला टेलिकॉम करून थॉमस कैलथ एमआयटीला गेले. जन्म पुण्याचा, शाळा सेंट व्हिन्सेंट. त्यांचं १९८० चं ‘लिनिअर सिस्टिम्स’ जगभर स्टेट-स्पेसवाल्यांचा आधार आहे. पण ते चुकूनही बीईच्या यादीत घालू नका. आमच्या एका सरांनी घातलं होतं. नावात ‘लिनिअर सिस्टिम्स’ आहे एवढंच बघून.

तर्री_पोहे

+१ लाठी. भोकरची माहिती नव्हती. काका, अजून लिहा.

सायलेंट_कॅरिअर

लाठींच्या पुस्तकाबद्दल आदर आहे, पण क्रम बघा. टाइम डोमेन कंटिन्युअस, टाइम डोमेन डिस्क्रीट, मग लाप्लास, मग झेड, आणि तेव्हा कुठे सहाव्या प्रकरणात फूरिये सिरीज. निम्मं सेमिस्टर संपलं तरी पोरांनी स्पेक्ट्रम हा शब्द ऐकलेला नसणार. सिग्नल हा विषय फ्रिक्वेन्सीत बघायला शिकण्याचा आहे, इक्वेशन सोडवण्याचा नाही.

शून्यवजा

इथे मी मध्ये पडतो. ठाण्याला प्रोसेस कंट्रोलमध्ये आहे, त्यामुळे माझी बाजू उघड आहे.

ओपनहाइममध्ये लाप्लास नवव्या प्रकरणात येतो, आणि तोही आधी दोन्ही बाजूंचा, बायलॅटरल. इनिशियल कंडिशनसाठी लागणारा एकतर्फी लाप्लास त्या प्रकरणाच्या अगदी शेवटी. ताईंच्या कॉलेजात त्याच वेळी नेटवर्क्स चालू असणार, पुढच्या सेमला कंट्रोल येणार. तिथल्या सरांना लाप्लास हवाय सहाव्या आठवड्यात. ओपनहाइमच्या क्रमानं गेलात तर डिसेंबरात पोचाल. सायलेंट यांचा मुद्दा तत्त्वतः बरोबर आहे, पण अभ्यासक्रम एकट्या विषयाचा नसतो.

मला खरं सांगायचंय ते वेगळंच. पुस्तक चांगलं की वाईट हे ओळखायला माझी एक जागा ठरलेली आहे : लाप्लासच्या व्याख्येत खालची मर्यादा शून्य म्हणजे कोणतं शून्य?

गंमत बघा. यू(टी), म्हणजे शून्याला ० वरून १ वर उडी मारणारा सिग्नल, त्याचा लाप्लास १/एस. यू(टी) चं डेरिव्हेटिव्ह म्हणजे इम्पल्स, त्याचा लाप्लास १, प्रत्येक पुस्तकाच्या टेबलात छापलेला. आता डेरिव्हेटिव्हचा नियम लावा : एस गुणिले १/एस, वजा शून्याजवळची किंमत. शून्यवजा (शून्याच्या किंचित आधी) घेतलंत तर यू ची तिथली किंमत ०, उत्तर १, टेबलाशी जुळलं. शून्यप्लस (किंचित नंतर) घेतलंत तर किंमत १, उत्तर ०. एकाच पुस्तकात टेबल एका शून्याचं आणि नियम दुसऱ्या शून्याचा असला की विद्यार्थ्यानं स्विचची गणितं कशी सोडवायची? बहुतेक पुस्तकं नुसतं ‘एफ(०)’ लिहून वेळ मारून नेतात. ही फक्त लोकल ऑथरची भानगड नाही बरं का. २००७ मध्ये लुंडबर्ग, मिलर आणि ट्रम्पर यांनी आयईईईच्या कंट्रोल सिस्टिम्सच्या मासिकात यावर अख्खा लेख लिहिला, आणि त्यांचा रोख नावाजलेल्या पाठ्यपुस्तकांवरच होता.

लाठी शून्यवजा स्वच्छ लिहितात आणि पाळतात. माझं मत त्यांना. (आयडीवरून समजलंच असेल.)

घाटपायथा

मी सध्या हाच विषय शिकतोय, थर्ड सेम. सर-मॅडम लोक चर्चा करताय म्हणून घाबरत लिहितो.

आम्ही लोकल ऑथर का घेतो ते कुणी विचारलंच नाही. पेपरला सहा मार्कांना कन्व्होल्यूशन येतं, सहा मार्कांना ‘खालील सिस्टिम लिनिअर, टाइम इनव्हेरियंट, कॉझल, स्टेबल आहे का तपासा’, पाच मार्कांना इव्हन-ऑड. दरवर्षी तेच. आकडे बदलतात. लोकल बुकात हे याच साच्यात, याच मार्कांनी दिलेलं असतं. ओपनहाइम मी लायब्ररीतून आणला होता. पहिल्या प्रकरणात दोन तास गेले, छान वाटलं, पण पेपरात त्यातलं काय येणार तेच कळेना. परत केला.

तुम्ही बुक बदलाल, पेपर तोच राहिला तर आम्ही तेच बुक घेणार.

गोदाकाठ

@घाटपायथा, घाबरू नकोस, धाग्यातला आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे हा. पेपर यापुढे आम्हीच काढणार आहोत, त्यामुळे निदान ही सबब आता उरलेली नाही. ‘लिनिअर आहे का तपासा’ याऐवजी ‘ही सिस्टिम लिनिअर नाही असं दाखवणारे दोन इनपुट शोधा’ असं विचारलं तर साचा चालत नाही. २एक्स+३ घेऊनच सांगते : इनपुट शून्य दिला तरी बाहेर ३ येतात, तेवढ्यावर काम होतं.

@शून्यवजा, तुमची कसोटी आज स्टाफरूममध्ये चार पुस्तकांना लावली. दोन पुस्तकं नापास, एकात शून्याचा पत्ताच नाही. नावं नको.

डिप्लोमावाला

सगळे लोकल ऑथरला झोडपताय म्हणून दुसरी बाजू. मी दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर. आता एम्बेडेडमध्ये बरा आहे.

ओपनहाइमचं एक वाक्य चार ओळींचं असतं. त्यातलं ‘देअरफोर’ कुठल्या गोष्टीला लागतंय हे शोधेपर्यंत मुद्दा हातातून जातो. गणिताची भीती नव्हती, वाक्याची होती. लोकल बुकात लिहिलेलं असतं : पायरी १, पायरी २, पायरी ३. इंग्रजी मोडकं असतं, पण आमचंही मोडकंच होतं. त्या बुकानं मी पास झालो, आणि पास झालो म्हणून पुढे लाठी वाचायला शिल्लक राहिलो. नोकरी लागल्यावर वाचला, फिल्टरच्या कामासाठी.

फक्त एक आहे. पायऱ्या पाठ असल्यामुळे कन्व्होल्यूशन मला व्हायवात यायचं, पण ते म्हणजे काय हे कळलं कामावर. सेन्सरच्या शेवटच्या आठ रीडिंगचा अॅव्हरेज काढायचा कोड लिहिला होता, तेव्हा सीनियर म्हणाला, ‘हे कन्व्होल्यूशनच आहे की.’ घडी घाल, सरकव, गुण, बेरीज कर, हे मी कागदावर शंभरदा केलं होतं. जुन्या रीडिंगचं आजच्या आउटपुटमध्ये किती वजन उरलंय तेच आपण मोजतोय, असं एकाही बुकात मला ठळकपणे दिसलं नव्हतं. असेलही, पण पायऱ्यांच्या चौकटीबाहेर मी वाचत नव्हतो.

जुनावाडा

डिप्लोमावाले, तुमचा शेवटचा परिच्छेद प्रत्येक ईटीसी विभागाच्या नोटिसबोर्डावर लावायला हवा.

खोडद_फाटा

या धाग्यावर एका पुस्तकाचं नाव अजून कसं आलं नाही? रॉन ब्रेसवेल, ‘द फूरिये ट्रान्सफॉर्म अँड इट्स अॅप्लिकेशन्स’, १९६५.

टेक्स्टबुक म्हणून लावा असं म्हणणार नाही, सिस्टिम्सचा भाग त्यात तुटपुंजा आहे. पण फूरिये चित्रात कसा दिसतो हे शिकायला याच्या जवळपास जाणारं काही नाही. मागे ट्रान्सफॉर्मच्या जोड्यांची चित्रं दिलीत, डावीकडे फंक्शन, उजवीकडे ट्रान्सफॉर्म. नुसती ती पानं पंधरा दिवस चाळली तरी ‘टाइममध्ये आक्रसलं की फ्रिक्वेन्सीत पसरतं’ हे डोळ्याला पाठ होतं.

आमच्याकडे याला घरचा मान आहे. ब्रेसवेल स्टॅनफर्डचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. गोविंद स्वरूप यांनी त्यांच्याच हाताखाली १९६१ ला डॉक्टरेट केली, परत येऊन १९६५ ला कल्याणला छोट्या डिशची सौर दुर्बीण उभारली, आणि तीच वाट पुढे नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीपर्यंत आली. ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश. त्यातली कुठलीही एक जोडी आकाशाचं चित्र काढत नाही, ती आकाशाच्या फूरिये ट्रान्सफॉर्मचा एक ठिपका मोजते. पृथ्वी फिरते तसे ठिपके वाढत जातात, मग उलटा ट्रान्सफॉर्म घेऊन चित्र मिळतं. म्हणजे पोरं ज्याला ‘पाच मार्कांची प्रॉपर्टी’ म्हणतात ती खोडदच्या शेतात उभी आहे. विज्ञान दिनाला तिथे लोकांना बघायला सोडतात, तुमच्या मुलांना घेऊन या.

(जुनावाडा यांच्या प्रतिसादावरून आत्ता लक्षात आलं : लाठींची स्टॅनफर्डची डॉक्टरेटही १९६१ चीच.)

सायलेंट_कॅरिअर

खोडद, सुंदर. ब्रेसवेल रेफरन्सला शंभर टक्के.

पण ताई, एक सावधगिरी. एकापेक्षा जास्त पुस्तकं लावणार असाल तर नोटेशनची भांडणं आधी वर्गात मिटवा. सगळ्यात बदनाम म्हणजे सिंक. लाठी सिंक(एक्स) म्हणजे साइन एक्स भागिले एक्स धरतात. ओपनहाइम आत पाय घालतो : साइन पाय-एक्स भागिले पाय-एक्स. मॅटलॅब आणि नमपाय ओपनहाइमच्या बाजूनं. पोरगं लाठीतलं उदाहरण घेतं, पायथॉनमध्ये काढतं, शून्य भलत्याच जागी येतात, आणि ते स्वतःलाच ढ समजतं.

तसंच डिस्क्रीट फ्रिक्वेन्सीचं. कुणी मोठा ओमेगा लिहितो, कुणी लहान, कुणी एफ मध्येच राहतो आणि दोन-पाय कुठे बसवायचा ते तुमच्यावर सोडतो. यात कुणाचं चुकलेलं नाही, पण लोकल ऑथर दोन पुस्तकांतून उतरवताना एका पानावर एक आणि दुसऱ्या पानावर दुसरं नोटेशन वापरतात, ते मात्र अक्षम्य आहे. अशा पुस्तकात कुठल्या पानावर कुठल्या मूळ पुस्तकातून उचललंय ते सिंकवरून सांगता येतं, हा माझा जुना छंद.

तर्री_पोहे

हाहाहा, सिंक फॉरेन्सिक्स!

मी एक भर घालतो. नुसत्या सरावासाठी शॉम सिरीजचं हसू यांचं पुस्तक (१९९५). शेकडो गणितं सोडवलेली, आणि सोडवताना रीजन ऑफ कन्व्हर्जन्स गाळलेला नाही. ज्यांना साचा हवा त्यांना निदान बरोबर साचा तरी मिळेल. गेटवाले वर्षानुवर्षं त्यातूनच करतात.

शून्यवजा

हसूला अनुमोदन. रीजन ऑफ कन्व्हर्जन्सबद्दल घाटपायथासाठी एक ओळ, कारण ‘नुसतं फॉर्मॅलिटी असते’ असं मुलांना वाटतं. ए-रेज-टु-एन ही शून्यापासून उजवीकडे जाणारी सीक्वेन्स घे. आणि तीच, पण उणे चिन्ह लावून, वजा एकपासून डावीकडे जाणारी घे. दोन्हींचा झेड ट्रान्सफॉर्म अक्षर न अक्षर सारखा येतो. कोणता सिग्नल हे फक्त रीजनच सांगतो. रीजन लिहिला नाहीस तर तू उत्तर दिलेलंच नाहीस.

घाटपायथा

हे आत्ता करून बघितलं. खरंच सेम आलं. आमच्या बुकात दोन्ही वेगवेगळ्या पानांवर सोडवलेत आणि सारखं उत्तर येतंय याबद्दल एक शब्द नाही.

तर्री_पोहे

व्हिडिओंचं कुणी बोललं नाही. आयआयटी मुंबईचे प्रा. विक्रम गद्रे यांचे तास फुकट उपलब्ध आहेत. ओपनहाइमचं अमेरिकन इंग्रजी कानाला जड जात असेल तर इथून सुरुवात करा. सरांचा वेग शांत आहे, एकेक गोष्ट दोनदा सांगतात.

डिप्लोमावाला

गद्रे सरांना +१. मी पावणेदोनच्या स्पीडवर ऐकायचो, तरी वहीत उतरवायला वेळ मिळायचा.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. काल बैठक झाली. मसुद्यात असं गेलंय :

टेक्स्टबुक लाठी. ओपनहाइम-विल्स्की रेफरन्सला, पण नुसतं नाव नाही. फूरिये सिरीजच्या प्रकरणाचा सुरुवातीचा भाग आणि सॅम्पलिंगचं प्रकरण ‘वाचणे आवश्यक’ म्हणून सत्राच्या आराखड्यात आठवड्यासकट लिहिलंय. सायलेंट, तुमच्या क्रमाच्या आक्षेपाचं काय केलं ते सांगते : लाप्लास आधी ठेवलाय, पण पहिल्या दोन आठवड्यांत प्रयोगशाळेत स्पेक्ट्रम बघायचा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा, एफएफटी (कॉम्प्युटरनं झटपट स्पेक्ट्रम काढायची रीत) काढायची, गणित नंतर. हसू सरावासाठी, ब्रेसवेल लायब्ररीसाठी.

एका वरिष्ठ सरांचा आग्रह होता की एक लोकल ऑथर यादीत हवाच, नाहीतर मुलं बोंबलतील. मी म्हटलं, मुलं ते विकत घेणारच आहेत, आपण शिक्का कशाला मारायचा? त्यावर थोडी गरमागरमी झाली, पण निभावलं. प्रकरण ‘बी’ मात्र पहिल्या सहा तासांत मी स्वतः घेणार आहे, जुनावाडा काकांच्या सांगण्यावरून.

पेपरचा नमुना अजून मंजूर व्हायचाय. खरी लढाई तिथे आहे.

जुनावाडा

शाबास! भोकरला एकदा मुलांना घेऊन जा मॅडम, आणि गावात कुणाला आठवतंय का तेही विचारा.

सायलेंट_कॅरिअर

स्पेक्ट्रम आधी, गणित नंतर, हे चालेल. हरलो असं लिहीत नाही. :) मोबाइलच्या प्रयोगात एक करून बघा : शिट्टी, ‘आ’ आणि टाळी. शिट्टीत जवळजवळ एकच रेघ, ‘आ’मध्ये ठरावीक अंतरावर रेघांची रांग, टाळीत रेघ अशी नाहीच, सगळीकडे पसरलेलं. फूरिये सिरीज, फूरिये ट्रान्सफॉर्म आणि इम्पल्स तिन्ही विषय एका तासात निघतात.

घाटपायथा

एक शेवटचं विचारतो. अप्पा बळवंत चौकात सीनियरला लाठींचं जुनं पुस्तक स्वस्तात मिळतंय, १९९८ चं, नाव थोडं वेगळं आहे, ‘सिग्नल प्रोसेसिंग अँड लिनिअर सिस्टिम्स’. तिसरी आवृत्ती (रॉजर ग्रीनवाली) फार महाग आहे. जुनं चालेल का?

शून्यवजा

बिनधास्त घे. विषय पन्नास वर्षांत बदललेला नाही, मॅटलॅबचे भाग तेवढे नवीन आवृत्तीत जास्त आहेत, ते नेटवर मिळतात. फक्त जुन्यात इनपुटला एक्सऐवजी एफ म्हटलंय आणि डिस्क्रीट वेळेला एनऐवजी के. वर्गात मॅडम एक्स-एन लिहितील, तू एफ-के वाचशील. पहिल्याच पानावर पेननं लिहून ठेव.

सायलेंट_कॅरिअर

आणि त्याच्याच खाली सिंकचंही लिही.